मंडळीत वडील नेमताना: आधी काम, मग कसोटी, शेवटी पद

आपल्याकडच्या बऱ्याच गावांतल्या ख्रिस्ती मंडळीत वडिलांची, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्या पुढाऱ्यांची, निवड अशी होते. डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा रविवार. उपासना संपत आलेली. आशीर्वादाच्या आधी पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, सांगतात, नाताळाची कमिटी करायचीच आहे, तर वडीलही आजच निवडून टाकू. मागून कोणीतरी एक नाव घेतं, त्याचाच चुलतभाऊ अनुमोदन देतो, हात वर होतात, टाळ्या पडतात. दहा मिनिटांत काम उरकतं. त्या दिवशी जी माणसं बाकांवर नसतात ती पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात असतात. होळीनंतर गावी परतल्यावर त्यांना कळतं की आपल्यावर कोण वडील झालं आहे.

आमच्या मंडळीनेही एकदा असंच केलं होतं आणि त्या दिवशी माझाही हात वर होता. माणूस गोड गळ्याचा होता, स्वतःची जीप होती, तालुक्याला ओळखी होत्या. वर्षभरात अर्पणाची वही त्याच्या घरी जाऊन बसली. हिशेब मागितला की तो दुखावायचा. दोन घरं मंडळीत यायची बंद झाली, त्यांतलं एक आजही येत नाही. त्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही. त्याला आम्ही पद आधी दिलं, काम नंतर सांगितलं आणि पारख तर केलीच नाही. ही चूक आमची होती.

प्रेषित पौलाने बायबलमधल्या १ तीमथ्य या पत्रात (३:१०) क्रम स्वच्छ सांगितला आहे: आधी पारख, मग सेवा. खालची रीत त्याच क्रमावर उभी आहे. पंधरा-वीस घरांच्या मंडळीपासून शंभरेक घरांच्या मंडळीपर्यंत ती झेपते. तुमच्याकडे वडील म्हणत असतील, पंच म्हणत असतील किंवा डीकन, नावाने फरक पडत नाही. मात्र तिला पूर्ण एक वर्ष लागतं. ते वर्ष वाचवायला जाऊ नका.

## सुरू करण्यापूर्वीची तयारी

नियमावली काढा. उत्तर भारत मंडळी, मेथडिस्ट मंडळी अशा मोठ्या मंडळीत असाल तर निवड कशी करायची, मुदत किती, मतदान कोणाला, हे नियम ठरलेले असतात. ते आधी वाचा. ही रीत त्या नियमांच्या आत बसवायची आहे. स्वतंत्र मंडळी असाल आणि लेखी काहीच नसेल तर आधी एक पानभर नियम लिहा आणि सगळ्यांसमोर वाचून मंजूर करून घ्या. माणसांची नावं पुढे आल्यावर नियम लिहायला बसलात तर प्रत्येक ओळ कोणाच्या तरी बाजूची वाटते.

सभासद यादी ताजी करा. बाप्तिस्मा झालेले, प्रभुभोजन घेणारे, पुण्याला राहायला गेलेले, वारलेले. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या नावापुढे खूण करा. त्यांचं नाव यादीतून गाळायचं नाही. खूण एवढ्यासाठी की सभेची तारीख त्यांच्याकडे पाहून ठरवायची आहे.

एक जाड वही घ्या, पानांना आकडे घातलेली. सुट्या कागदावर काहीही नको.

बाहेरचा एक जाणता माणूस बोलवा. शेजारच्या तालुक्यातल्या मंडळीतला, कोणाचाही सोयरा नसलेला. आपल्या मंडळ्यांत निम्मी घरं एकमेकांची सोयरी असतात. मावसभावाबद्दल खरं बोलायची वेळ आली की आपली जीभ जड होते, तेव्हा हा माणूस उपयोगी पडतो.

## पायरी १: माणूस शोधायच्या आधी काम मोजा

इथे बहुतेक मंडळ्या उडी मारतात. "किती वडील हवेत?" असा प्रश्न विचारला की उत्तर येतं, "मागच्या वेळी पाच होते." प्रश्न वेगळा विचारा: गेल्या वर्षात आपल्या मंडळीत कोणतं काम करायचं राहून गेलं?

वहीत लिहा. कोणती म्हातारी माणसं महिनोन्महिने कोणी भेटलं नाही म्हणून बसून राहिली? कोणत्या घरातलं भांडण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं? कोणाची पोरं रविवारच्या शाळेत येईनाशी झाली? हिशेब शेवटचा कधी वाचला गेला?

यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत सात जण निवडले गेले ते अशाच एका राहून गेलेल्या कामामुळे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं (प्रेषितांची कृत्ये ६). प्रेषितांनी काम नेमकं सांगितलं, माणसं कशी हवीत ते सांगितलं आणि निवड मंडळीवर सोपवली. त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर आणि पुढची चार. सगळी ग्रीक नावं. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलेच लोक जबाबदार झाले, असं त्या नावांवरून दिसतं. आपल्याकडे एकाच मंडळीत वेगवेगळ्या जातींतून आलेली घराणी असतात आणि वडील मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकाच भावकीतले. त्या मंडळीने हा अध्याय सगळ्यांसमोर, सावकाश वाचावा.

संख्या ठरवायला निर्गम १८ मधला इथ्रोचा सल्ला कामाचा आहे. त्याने मोशेला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमायला सांगितली. आमचा अनुभव असा की एका वडिलाला आठ ते दहा घरं नीट सांभाळता येतात. त्याहून जास्त दिली तर तो फक्त लग्नात आणि मयतीत दिसतो.

> तपासा: प्रत्येक जागेसमोर एका ओळीत काम लिहिलं आहे का? "मंडळीची सेवा करणे" हे काम झालं नाही. "वस्तीवरच्या नऊ घरांना महिन्यातून एकदा भेटणे" हे काम झालं.

## पायरी २: पंचांग गावचं धरा

नावं घ्यायची सभा गुढीपाडवा उलटल्यावर ते मृग निघेपर्यंतच्या काळात घ्या. ऊसतोडीची कुटुंबं परत आलेली असतात, रबी हाती आलेली असते, पेरणीची घाई नसते. लग्नसराई असते, पण रविवारी सकाळी माणसं जमतात. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर कोणी थांबत नाही आणि दसरा-दिवाळीनंतर निम्मं गाव रिकामं होतं.

वर्षभराची पारख मग आपोआप सगळ्या ऋतूंतून जाते: पेरणी, आजारपणाचा पावसाळा, सोयाबीन-कापसाचा पैसा, ऊसतोड, नाताळ, ईस्टरआधीचा उपवासकाळ, पुनरुत्थानाचा सण म्हणजे ईस्टर. माणूस एका ऋतूत कळत नाही. हातात पैसा नसताना नम्र असणारे पुष्कळ असतात. पैसा आल्यावर आणि दुष्काळात पुन्हा गेल्यावर तो कसा वागतो, हे बारा महिने पाहिल्यावरच कळतं.

## पायरी ३: नावं घेताना "कोण" याच्याबरोबर "काय पाहिलं" विचारा

सभेच्या आधी दोन रविवार १ तीमथ्य ३:१–१३ आणि तीत १:५–९ वाचा. नुसते वाचा, त्यावर कोणाला उद्देशून प्रवचन नको. मग प्रत्येक घराला एक चिठ्ठी द्या. चिठ्ठीवर दोन ओळी: नाव, आणि या माणसाला तुम्ही स्वतः काय करताना पाहिलंत.

दुसरी ओळ कोरी असेल तर ते नाव मोजू नका. हा नियम कडक वाटेल, पण यानेच अर्धं काम होतं. "स्वभावाने चांगला आहे" ही ओळ कोरीच समजायची. आम्हाला आलेली एक चिठ्ठी मला अजून आठवते. एका म्हातारीने नातवाकडून लिहून घेतली होती: "माझा पाय मोडला तेव्हा घाटी दवाखान्यात वॉर्डाबाहेर चटई टाकून दोन रात्री हा बसला. माझी पोरं फडावर होती." तो माणूस उपासनेत कायम शेवटच्या बाकावर बसायचा. प्रार्थना मोठ्याने करायचाही संकोच. तोवर कोणत्याही निवडीत त्याचं नाव निघालं नव्हतं.

आपली नजर नेहमी उंची, आवाज आणि पांढरे कपडे यांवर जाते. शमुवेलासारख्या संदेष्ट्याचीही गेली होती. इशायाचा थोरला मुलगा पाहून तोही फसलाच होता (१ शमुवेल १६). म्हणून ही दुसरी ओळ.

> सावध: कोणी घरोघर जाऊन स्वतःसाठी नावं मागत असेल तर त्याला प्रेमाने, पण त्याच आठवड्यात थांबवा. सेवेची इच्छा धरणं चांगलं आहे, पौल तसंच म्हणतो. पण ३ योहानात दियत्रफेस नावाचा एक माणूस आहे. त्याला पहिला नंबर हवा होता आणि त्यापायी त्याने बंधूंना दारातून परत पाठवलं. प्रचार सुरू झाला की मंडळीत पहिल्यांदा गट पडतात, आणि निवड संपल्यावरही ते मिटत नाहीत.

## पायरी ४: चौकशी, चार दारांवर

नावं निघाल्यावर लगेच जाहीर करू नका. आधी त्या माणसाला एकटं गाठून विचारा, तयारी आहे का. नाही म्हणाला तर आग्रह नको. पेत्र सांगतो की कळपाची देखरेख जुलमाने नको, खुशीने हवी (१ पेत्र ५:२). हो म्हणाला तर पाळक आणि बाहेरून आलेला तो जाणता माणूस, दोघांनी मिळून चौकशी करायची. एकट्याने कधीच नाही.

पहिलं दार, त्याचं घर. घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार, असा पौलाचा सरळ प्रश्न आहे. घरी जाऊन बसा, भाकरी खा. त्याच्या बायकोशी मंडळीतल्या एखाद्या वयस्कर बाईने वेगळं बोलावं, नवऱ्यासमोर नाही. ही गोष्ट बहुतेक ठिकाणी सुटते आणि नंतर महाग पडते. घरात हात उचलत असेल तर चौकशी तिथेच संपवा. शास्त्रात "मारका नसावा" असं स्पष्ट आहे, त्यात सवलत नाही. "आता सुधारलाय" असं कोणी म्हटलं तर त्याला आनंदाने देवाचे आभार मानू द्या, आणि नाव दोन-तीन वर्षांनी पुन्हा विचारात घ्या. दारूचंही तसंच.

मुलं बंडखोर असतील तर मात्र घाई करू नका. विशीतला पोरगा बापाचं ऐकत नाही एवढ्यावरून माणूस अपात्र ठरत नाही. बाप त्याच्याशी कसा वागतो ते पाहा. सोडून दिलाय, मारतोय, की रोज रात्री त्याच्यासाठी दार उघडं ठेवतोय?

दुसरं दार, किराणा दुकान. बाहेरच्या लोकांतही चांगली साक्ष हवी, असं १ तीमथ्य ३:७ सांगतं. आपल्या गावात बाहेरचे म्हणजे दुकानदार, शेजारचा शेतकरी, शाळेतले गुरुजी, मोंढ्यातला आडत्या. एका माणसाबद्दल आम्ही दुकानदाराला विचारलं, तेव्हा त्याने काही न बोलता उधारीची वही काढली, अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. वरपासून खालपर्यंत आकडे, आणि दरवर्षी सोयाबीन विकल्यावर एक आडवी रेघ. "हे पान दरवर्षी कोरं होतं," तो म्हणाला, "दुष्काळाच्या साली नाही झालं, तेव्हा स्वतः येऊन सांगून गेला." इतकी नेमकी साक्ष मंडळीतही क्वचित मिळते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कर्ज असणं हा दोष नाही. मराठवाड्यात कोरडवाहू शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज नसणं हेच नवल. तोंड चुकवणं, खोटं सांगणं, एकाचं बुडवून दुसऱ्याकडून घेणं हा दोष.

तिसरं दार, त्याच्या हाताखालचे लोक. माणूस मुकादम असेल, गुत्तेदार असेल, सालगडी ठेवत असेल तर त्या माणसांना विचारा. पगार वेळेवर देतो का? आजारी पडलं तर काय करतो? मुकादम वडील होऊच नये असं मी म्हणणार नाही, चांगले मुकादम पाहिले आहेत. पण ज्यांनी त्याच्याकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतली आहे ते त्याच्याविरुद्ध तोंड उघडू शकत नाहीत. म्हणून त्यांची साक्ष हंगाम संपून हिशेब मिटल्यावर घ्या, आणि त्यांची घरं पुढे त्याच्या देखरेखीखाली देऊ नका.

चौथं दार, ज्याच्याशी त्याचं भांडण झालं तो. प्रत्येकाचं कोणाशी तरी झालेलं असतं, बांधावरून, पाण्यावरून. त्या माणसाकडे जा. तक्रार ऐका, पण तिच्यापेक्षा एक गोष्ट लक्ष देऊन ऐका: नंतर हा स्वतःहून बोलायला आला होता का?

> तपासा: चौकशीत कळलेली गोष्ट वहीत "योग्य" किंवा "थांबावं" एवढीच लिहायची. तपशील लिहू नका, घरी सांगू नका. चौकशीतली एक गोष्ट पारावर पोहोचली की पुढच्या वेळी कोणी खरं बोलणार नाही.

## पायरी ५: वर्षभर काम, पदाशिवाय

ही पायरी सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत महत्त्वाची. जूनपासून मेपर्यंत निवडलेल्या माणसाला वडिलाचं काम द्या. नाव, खुर्ची, माइक, यादीत उल्लेख, काहीही नाही. मंडळीला एवढंच सांगा की हे बंधू मदत करत आहेत.

जून–जुलै. आठ-दहा घरं वाटून द्या. दोन महिन्यांनी त्याला त्या घरांतल्या लेकरांची नावं विचारा. कोण कितवीत आहे, कोणत्या घरात कोण आजारी. त्याने वहीत पाहिलं तरी चालेल, पण माहीत नसेल तर तो भेटला नाही हे कळेल.

ऑगस्ट–सप्टेंबर. तापाची साथ येतेच. आजाऱ्याने वडिलांना बोलवावं असं याकोब ५:१४ म्हणतं. इथे उलट पाहायचं: बोलवायच्या आधी हा जातो का? प्रार्थना करून निघतो, की दवाखान्यात न्यायला गाडी पाहतो? दोन्ही हवं. प्रार्थना पुरे, औषध नको, असं शिकवणारा दिसला तर त्याला तिथेच थांबवा. अशा शिकवणीने माणसं दगावतात.

ऑक्टोबर–नोव्हेंबर. कापणीच्या सणाला पोती येतात, कोंबड्या येतात, भोपळे येतात, लिलाव होतो, रोकड जमते. याच दिवशी त्याला मोजणीला बसवा. मोजणी अशी करायची: थैली उपासनेच्या जागेतच, टेबलावर, दार उघडं ठेवून उपडी करायची. दोघांनी मोजायचं, आणि ते दोघे एका घरचे नसावेत. नोटांचे गठ्ठे, नाण्यांचे ढीग, आकडा मोठ्याने म्हणायचा, तिसऱ्याने वहीत लिहायचा, तिघांच्या सह्या. मगच पैसे हलायचे. पौल मंडळ्यांची मदत घेऊन निघाला तेव्हा मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू सोबत होता, कोणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८:१९–२१). प्रेषिताला जे लागलं ते आपल्याला लागतंच.

लक्ष ठेवा, "माझ्यावर विश्वास नाही का?" असं कोण म्हणतं. ज्याला दुसऱ्या सहीचा राग येतो त्याच्याकडे पैशाचं काम देऊ नका. जो स्वतःच म्हणतो, "थांबा, दुसऱ्याला येऊ द्या," त्याचं नाव अधोरेखित करा.

नोव्हेंबर–मार्च. ऊसतोडीचा काळ. मागे राहिलेली म्हातारी आणि लेकरं कोण पाहतं? फडावरच्या कुटुंबांना रविवारी फोन कोण करतं? शक्य असेल तर त्याला एकदा फडावर पाठवा. पाचटाच्या कोपीत, रात्री कोयते बाजूला ठेवून दमलेल्या माणसांसोबत केलेली अर्ध्या तासाची प्रार्थना मंडळीला वर्षभर जोडून ठेवते. नाताळात त्याला व्यासपीठावरचं काम देऊ नका. पत्रावळ्या उचलणं, भांडी मोजून परत करणं, रात्री शेवटचं कुलूप लावणं, ही कामं द्या. प्रभू येशूने शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले. त्यासाठी टॉवेल कमरेला बांधून खाली वाकावं लागतं, आणि वाकताना माणूस कसा दिसतो ते पाहायचं आहे.

उपवासकाळ. बायबलमधलं एक वचन समजावून सांगायला द्या, घरगुती प्रार्थनेत, दहा-बारा जणांत. वक्ता असायची गरज नाही. वचनात जे आहे तेच सांगतो का, चुकलं तर सांगितलेलं ऐकतो का, एवढं पाहा.

या वर्षात कधीतरी एखादं भांडणही त्याच्या वाट्याला येईल. मत्तय १८:१५–१७ चा क्रम त्याला आधी शिकवून ठेवा: पहिल्यांदा एकट्याने एकट्याशी, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, शेवटी मंडळीसमोर. आपल्याकडे पहिली पायरी वगळून थेट बैठक बसते. मग दोघेही चार लोकांसमोर मान खाली घालायला तयार होत नाहीत.

> सावध: वर्षाच्या मध्येच "आता झालंच की, हात ठेवून टाका", म्हणजे प्रार्थना करून पदावर नेमून टाका, असा दबाव येतो, बहुतेकदा माणूस खरोखर चांगला असतो म्हणून. १ तीमथ्य ५:२२ घाईने हात ठेवू नको असं सांगतं. थांबा. चांगल्या माणसाचं चार महिन्यांत काही बिघडत नाही.

## पायरी ६: शिक्षण, दहा संध्याकाळी

वेगळं शिबिर लागत नाही. पारखीच्या वर्षातच महिन्यातून एकदा बसा. प्रेषितांची कृत्ये २० मध्ये पौल मिलेतात इफिसच्या वडिलांना बोलावून घेतो, तो उतारा दोन बैठका पुरतो. १ पेत्र ५, तीत १, आणि नहेम्या ५. नहेम्याने बारा वर्षं अधिकाऱ्याच्या भत्त्याला हात लावला नाही, कारण लोकांवर आधीच ओझं होतं. उरलेल्या बैठका व्यवहाराच्या: गुपित कसं राखावं, रोजकीर्द कशी लिहावी, एकट्या बाईच्या घरी कधी आणि कोणासोबत जावं. शेवटच्या विषयाला लाजू नका.

## पायरी ७: जाहीर करणं, हरकत, नेमणूक

वर्ष संपलं, पुन्हा एप्रिल-मे आला. आता नावं जाहीर करा, तीन रविवार सलग. कोणाला हरकत असेल तर त्याने पाळकाकडे येऊन, स्वतःच्या नावानिशी सांगावी. निनावी चिठ्ठी आली तर वाचून फाडा.

हरकत खरी निघाली तर नाव मागे घ्या. मंडळीला कारण सांगू नका, "या वेळी थांबत आहोत" एवढं पुरे. नाव मागे घेतलेल्या माणसाला त्याच संध्याकाळी पाळकाने भेटावं. त्याचं काम काढून घेऊ नये. वर्षभर ज्याने नऊ घरं सांभाळली त्याला ती पुढेही सांभाळू द्या.

मतदान नियमाप्रमाणे घ्या, शक्यतो चिठ्ठीने. हात वर करायला लावलं की सून सासऱ्याकडे पाहते. बायकांचं मत त्यांचं त्यांना देऊ द्या. आणि बायकांच्या सेवेबद्दल तुमच्या मंडळीची शिकवण काहीही असो, किंख्रियातल्या मंडळीची सेविका फीबी हिचं नाव पौलाने रोमकरांस पत्रात आदराने घेतलं आहे (१६:१). वस्त्यांवरच्या बायकांची विचारपूस बाईच नीट करू शकते, तेव्हा ते काम बाईकडे, रीतसर, नेमणूक करून द्या.

एका घरातले दोघे एका वेळी वडील नकोत. खजिनदार आणि पाळक एका घरातले तर मुळीच नकोत.

## पायरी ८: नेमणुकीनंतरचे पहिले नव्वद दिवस

हात ठेवले, हार घातले, जेवण झालं. बहुतेक मंडळ्या इथे थांबतात, आणि पुढच्या तीन महिन्यांत जुनं वळण परत येतं.

त्याच आठवड्यात सोपवणी करा: किल्ल्या, रोजकीर्द, पावती पुस्तकं, बाप्तिस्मा आणि विवाहाची रजिस्टरं, मालमत्तेचे कागद. प्रत्येक वस्तू वहीत लिहून, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही घेऊन. जुने वडील नाराज असतील तर हे काम बाहेरच्या जाणत्या माणसासमोर करा. बँकेतल्या सह्या बदला, दोन सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत अशी व्यवस्था करा.

मंडळीची नोंदणी सार्वजनिक न्यास म्हणून झालेली असेल आणि नवे लोक विश्वस्तही झाले असतील तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, बदल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत. सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या आणि ठराव जोडावा लागतो, म्हणून ते सभेच्याच दिवशी पूर्ण करा. वर्षानुवर्षं बदल अर्ज न दिलेल्या मंडळ्यांत कागदावर वारलेली माणसं विश्वस्त असतात, आणि जमिनीचा वाद निघाला की कोर्टात सही करायला कोणी उरत नाही.

दर तीन महिन्यांनी हिशेब उपासनेनंतर वाचून दाखवा, शेवटच्या रुपयापर्यंत.

वडिलाविरुद्ध तक्रार आली तर दोन-तीन साक्षीदारांशिवाय ती घेऊ नका, आणि खरी ठरली तर झाकू नका. दोन्ही गोष्टी १ तीमथ्य ५:१९–२० मध्ये शेजारी शेजारी आहेत. आपण सोयीनुसार त्यांतली एकच वाचतो. मात्र तक्रार लहान मुलाच्या किंवा बाईच्या अंगाला हात लावल्याची असेल तर ते मंडळीच्या बैठकीचं काम राहत नाही. त्या माणसाला त्याच दिवशी सेवेतून बाजूला करा आणि पीडितेच्या घरच्यांसोबत पोलिसांकडे जा.

नव्या वडिलाने पहिल्या महिन्यात दोन भेटी द्याव्यात. एक, ज्याने त्याच्या नावावर हरकत घेतली होती आणि ती मान्य झाली नाही, त्याच्या घरी, एकट्याने, काही मागायला न जाता. दुसरी, आपल्या आठ-दहा घरांतल्या एखाद्या तरुणाकडे, ज्याला पुढच्या जूनपासून सोबत फिरवता येईल. त्या तरुणाचं नाव वहीच्या नव्या पानावर लिहा. नावासमोर पद लिहू नका, काय काम दिलं ते लिहा.